न्याहारीचा शेक, संध्याकाळचा शेक आणि आईंचा शेक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सकाळी न्याहारीला वेळ मिळत नाही म्हणून तुम्ही प्रोटीन पावडरचं एक माप पाण्यात ढवळून पिता. संध्याकाळी काम संपता संपता भूक लागते तेव्हा तेच पुन्हा. डब्यावर 'एका मापात २५ ग्रॅम प्रोटीन' असं ठळक छापलंय. तुमचं वजन ६८ किलो, त्यातले चार-पाच किलो उतरवायचे आहेत. आई ७२ वर्षांच्या, त्यांचं जेवण अलीकडे कमी झालंय, म्हणून त्यांनाही याच डब्यातलं द्यावं असं मनात आहे. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर कोणतं पेय घ्यावं?

आधी उत्तर सांगून टाकते. संध्याकाळसाठी तुमचा डबा चालेल. न्याहारीसाठी तो अपुरा आहे. आईंना मात्र तो देऊ नका. त्यांना ज्याची गरज आहे ते त्यात फारसं नाही, आणि पोट भरल्यासारखं वाटायला लावणारं जे आहे तेच नेमकं त्यांना नको आहे.

यात डब्याचा काही दोष नाही. तुम्ही त्याला तीन वेगवेगळ्या कामांना जुंपलंय, एवढंच. माझ्याकडे कुणी असा डबा घेऊन आलं की प्रोटीनचा आकडा मी शेवटी बघते. आधी विचारते, हे पेय नसतं तर त्या वेळी तुम्ही काय खाल्लं असतं? जे खाणं सुटतंय त्याचा हिशेब लागल्याशिवाय कोणतं पेय बरं हे सांगताच येत नाही.

तुमच्यासारख्या डब्यांची पाठ साधारण सारखीच असते. ३० ग्रॅमच्या मापात १२० कॅलरी, २४-२५ ग्रॅम प्रोटीन, दोन-तीन ग्रॅम कर्बोदकं, एक-दोन ग्रॅम फॅट आणि फायबर जवळजवळ शून्य. प्रोटीनच्या एका ग्रॅममागे ४ कॅलरी धरल्या तर २५ ग्रॅमच्या १०० झाल्या. म्हणजे त्या ग्लासातली ८० टक्क्यांहून जास्त ऊर्जा एकट्या प्रोटीनची आहे. आता न्याहारीत काय काय असतं ते आठवा: धान्य, त्यातला चोथा, थोडं तेलतूप किंवा दाणे, दूध किंवा अंडं, एखादं फळ. त्यातलं प्रोटीन तेवढं ग्लासात आलं, बाकी सगळं सुटलं. एखाद्या दिवशी असं झालं तर काही बिघडत नाही. रोजचंच झालं तर आठवड्याला सात न्याहाऱ्यांचं फायबर, कॅल्शियम, लोह आणि ब गटातली जीवनसत्त्वं दुसरीकडून भरून काढावी लागतात. ती कुणी भरून काढताना मला तरी फारसं दिसत नाही.

जेवणाची जागा घेणाऱ्या पेयात किमान काय असावं, यासाठी आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा आणि जागतिक आरोग्य संघटनेचा मिळून 'कोडेक्स अलिमेंटेरियस' नावाचा अन्नमानकांचा संच आहे. त्यात वजन नियंत्रणासाठीच्या अशा तयार आहाराचं मानक १९९१ पासून आहे. एका जेवणाऐवजी घ्यायच्या पेयात २०० ते ४०० कॅलरी असाव्यात. त्यातल्या २५ ते ५० टक्के प्रोटीनमधून याव्यात, फॅटमधून ३० टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नयेत. जीवनसत्त्वं आणि खनिजं दिवसाच्या गरजेच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकी असावीत. प्रोटीनच्या टक्क्यांचं साध्या भाषेत रूपांतर केलं तर दर १०० कॅलरींमागे सव्वासहा ते साडेबारा ग्रॅम प्रोटीन असं होतं. तुमच्या मापात ते २० ग्रॅमच्या वर जातं आणि एकूण कॅलरी २०० पर्यंतही पोचत नाहीत. ही पावडर जेवणात भर घालायला बनवलेली आहे. डब्यावर बारीक अक्षरात 'जेवणाऐवजी वापरू नये' अशा अर्थाची ओळ बहुतेक वेळा असते, ती एकदा शोधा.

'वजन कमी करायचंय, मग कॅलरी कमी असलेल्या बऱ्याच की,' असं तुम्ही म्हणाल. इथे पेय असण्याचाच एक तोटा आहे. घोटून गेलेल्या कॅलरींची नोंद पोट चावून खाल्लेल्या कॅलरींइतकी नीट ठेवत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात १५ जणांना रोज ४५० कॅलरी जादा दिल्या होत्या, चार आठवडे गोळ्यांसारख्या चावायच्या मिठाईतून आणि चार आठवडे गोड सोड्यातून. मिठाईच्या काळात लोकांचं बाकीचं खाणं आपोआप तेवढं घटलं, सोड्याच्या काळात घटलं नाही. तो प्रयोग साखरेवरचा होता. प्रोटीन साखरेपेक्षा जास्त वेळ भूक धरतं हेही खरं. पण पाण्यासारखं पातळ पेय दोन मिनिटांत रिचवलं की अकरा वाजता हात बिस्किटांकडे जातोच. सकाळी वाचवलेल्या दोनशे-अडीचशे कॅलरी तिथे परत येतात, आणि त्याही साखर-मैद्याच्या. 'मी तर सकाळी फक्त शेक घेते, तरी वजन हलत नाही,' असं सांगणाऱ्यांची अकरा ते एकची वेळ मी आवर्जून तपासते.

मग न्याहारीला काय घ्यायचं? तोच डबा ठेवायचा असेल तर त्याचं माप अर्धं करा आणि पाण्याऐवजी दूध घ्या. पाव लिटर दुधात ८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, शिवाय कॅल्शियम मिळतं. त्यात ३० ग्रॅम ओट्स, एक मध्यम आकाराचं फळ सालासकट किंवा गरासकट, चमचाभर दाणे किंवा बिया. मिक्सरमधून काढा, पण गाळू नका. हे सगळं मिळून चारशे-साडेचारशे कॅलरी, पंचवीसेक ग्रॅम प्रोटीन आणि सहा-सात ग्रॅम फायबर होतं. ग्लास दाट होतो, हळू प्यावा लागतो, आणि तेच आपल्याला हवंय. वाटीत ओतून चमच्याने खाल्लात तर आणखी चांगलं. दूध चालत नसेल तर सोयाचं पेय घ्या, त्यात दुधाच्या जवळपास प्रोटीन असतं. बदामाचं किंवा तांदळाचं पेय दुधासारखं दिसतं, पण कपाला जेमतेम ग्रॅमभर प्रोटीन देतं. ते वापरलंत तर पावडरचं माप अर्धं करू नका.

मिक्सर लावायलाही वेळ नसेल तर तयार 'मील रिप्लेसमेंट' घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पुठ्ठ्यावरच्या सडपातळ माणसाच्या चित्राकडे न बघता पाठीवर चार गोष्टी पाहा. एका वेळच्या कॅलरी तीनशेच्या पुढे आहेत का. प्रोटीन २० ते ३० ग्रॅम आहे का. फायबर किमान ५ ग्रॅम आहे का. आणि जीवनसत्त्वं-खनिजांचा तक्ता आहे का, म्हणजे 'व्हिटॅमिन्सयुक्त' असं नुसतं वाक्य न छापता प्रत्येकाचा आकडा दिलाय का. तक्ता नसेल तर ते नुसतं प्रोटीन पेयच आहे, नाव काहीही असो.

दिवसातून असं पेय एकदाच घ्या. दोन जेवणं त्यावर काढायची असतील तर आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय नको, आणि सगळी जेवणं बंद करून पेयावर राहायचं असेल तर डॉक्टरांशिवाय अजिबात नको. हे नुसतं सावध राहण्यासाठी सांगत नाही, यामागे इतिहास आहे. पेयावर वजन उतरवण्याची मोठी लाट १९५९ मध्ये अमेरिकेत आली. मीड जॉन्सन कंपनीने 'मेट्रेकल' नावाची पावडर काढली होती, दिवसाला चार ग्लास आणि एकूण ९०० कॅलरी. पुढे १९७० च्या दशकात 'लिक्विड प्रोटीन'चं खूळ आलं. जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेनचं विघटन करून बनवलेलं ते द्रव होतं. लोक आठवडेच्या आठवडे जवळपास त्याच्यावरच राहिले, दिवसाला तीनशे-चारशे कॅलरींवर. १९७७-७८ मध्ये त्यातल्या अनेकांचे मृत्यू नोंदले गेले, त्यांत बऱ्याच जणांच्या हृदयाचे ठोके अचानक बिघडले होते. याच अनुभवानंतर अमेरिकेने १९८४ मध्ये नियम केला. ज्या उत्पादनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा प्रोटीनमधून येते आणि जे वजन कमी करण्यासाठी विकलं जातं, त्यावर ४०० कॅलरींहून कमीचा प्रोटीन-आहार गंभीर आजार किंवा मृत्यू ओढवू शकतो, असा इशारा छापणं बंधनकारक झालं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास झाला, त्याचे पहिले निष्कर्ष २०१७ मध्ये आले. टाइप २ मधुमेह जडून सहा वर्षं झालेली नव्हती अशा लोकांना तीन ते पाच महिने फक्त तयार शेक आणि सूपवर ठेवलं, दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरी. वर्षाअखेरीस त्यांतल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. दोन्ही ठिकाणी माणसं पेयावरच राहिली. फरक असा की तिथली पेयं जीवनसत्त्वं, खनिजं, आवश्यक फॅट सगळं धरून पूर्ण होती, मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी थांबवली होती, आणि नंतर नेहमीचं अन्न टप्प्याटप्प्याने परत आणलं होतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कुणी ऐकीव माहितीवर जेवणाच्या जागी नुसतं प्रोटीन पाण्यातून घेतलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

आता संध्याकाळ. दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांच्यात सात-आठ तास जात असतील तर मधे काहीतरी पोटात पडणं चांगलंच, नाहीतर रात्री ताटावर तुटून पडणं होतं. इथे पेयाचं काम फक्त पूल बांधण्याचं आहे. १५० ते २०० कॅलरी, १० ते २० ग्रॅम प्रोटीन आणि कमीत कमी साखर, एवढं पुरतं. तुमचं एक माप पाण्यात किंवा अर्ध्या कप दुधात, आणि सोबत चावायला एखादं फळ. तेवढं पुरे.

दुकानातली तयार बाटली घेणार असाल तर साखरेची ओळ वाचताना घोटाळा होतो. दुधापासून बनवलेल्या पेयात दुधाची स्वतःची लॅक्टोज साखर असते, पाव लिटर दुधात साधारण १२ ग्रॅम. त्यामुळे 'एकूण साखर १२ ग्रॅम' पाहून बाटली खाली ठेवायची गरज नाही. 'वरून घातलेली साखर' किती ते पाहा. ती ओळ नसेल तर घटकांची यादी वाचा. साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, मध, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट ही सगळी एकाच घरातली माणसं आहेत. माल्टोडेक्स्ट्रिन तर साखरेच्या ओळीत धरलंच जात नाही, तरी रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार अशी मोकळी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी, जमल्यास ५ टक्क्यांखाली. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका बाटलीतच १८-२० ग्रॅम असेल तर ते मिल्कशेक आहे, त्याला मिल्कशेकच म्हणावं आणि कधीतरी आनंदाने प्यावं.

बिनसाखरेच्या पेयांत सुक्रालोज, स्टीव्हिया वगैरे असतं. रोजच्या एका ग्लासापुरता मी त्याचा बाऊ करत नाही. मात्र वजन कमी व्हावं म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय, आणि जिभेची गोडाची सवय त्याने सुटत नाही हे मीही रोज पाहते. पोट गुबारत असेल तर दोष सहसा प्रोटीनला दिला जातो. आधी यादीत इन्युलिन (एक फायबर), किंवा माल्टिटॉल, सॉर्बिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) आहे का ते बघा. आणि कॉफीच्या चवीची बाटली संध्याकाळी घेत असाल तर त्यातलं कॅफीन किती ते वाचा, काहींत एका कडक कॉफीइतकं असतं. झोप बिघडली की दुसऱ्या दिवशीची भूक वाढते, मग शेकचा उपयोग काय.

प्रोटीन कोणतं, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. तुमच्या गरजेपुरतं सांगते. दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे. व्हे लवकर पचतं, केसिन पोटात दह्यासारखं बांधलं जातं आणि सावकाश उतरतं. व्हेच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये थोडं लॅक्टोज उरतं, आयसोलेटमध्ये, म्हणजे जास्त शुद्ध केलेल्या व्हेमध्ये, नाममात्र. दुधाने पोट बिघडत असेल तर आयसोलेट सोसवतं, पण दुधाची खरी ॲलर्जी असेल तर दोन्ही वर्ज्य. वनस्पतीजन्य हवं असेल तर सोया उत्तम, वाटाणा आणि तांदूळ यांचं मिश्रणही चांगलं, कारण एकात कमी पडणारी अमिनो आम्लं दुसऱ्यात मिळतात. रोजच्या जेवणात विविधता असेल तर या सगळ्यांतला फरक तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही.

एका बाबतीत मात्र मी काटेकोर आहे. डब्यावरचा प्रोटीनचा आकडा बहुतेक वेळा थेट प्रोटीन मोजून येत नाही. १८८३ मध्ये योहान केल्डाल या डॅनिश रसायनतज्ज्ञाने पदार्थातला नायट्रोजन मोजायची पद्धत शोधली. त्या नायट्रोजनला साधारण ६.२५ ने गुणलं की प्रोटीनचा अंदाज मिळतो, आणि अजूनही हाच हिशेब चालतो. पण नायट्रोजन कुठून आला हे या पद्धतीला कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळून याच त्रुटीचा फायदा घेतला गेला, आणि लाखो बाळं आजारी पडली. पावडरीच्या धंद्यात इतकं भयंकर काही करावं लागत नाही. ग्लायसीन, टॉरिन यांसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळली तरी आकडा फुगतो, पण स्नायूंना हवं असलेलं पूर्ण प्रोटीन तेवढं मिळत नाही. म्हणून घटकांची यादी पहिल्या शब्दापासून वाचा. पहिला घटक प्रोटीनचा स्रोत असावा आणि ही सुटी अमिनो आम्लं यादीत नसावीत.

कोलॅजेनचंही तेच. 'कोलॅजेन पेप्टाइड' घातलेली पेयं हल्ली खूप दिसतात, आणि त्यांचे ग्रॅम एकूण प्रोटीनमध्ये मोजलेले असतात. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल मुळीच नाही, त्यामुळे प्रोटीनच्या दर्जाच्या मापनात त्याला शून्य गुण मिळतात. त्वचेसाठी, सांध्यांसाठी कुणाला घ्यायचं असेल तर घेवो. जेवणाच्या जागी त्याला धरू नका.

तुम्हाला एकूण किती लागतं? निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५६-५७ ग्रॅम. वजन उतरवताना स्नायू टिकावेत म्हणून मी साधारण १.२ ग्रॅम धरते, ते होतात ८० च्या आसपास. व्यायामशाळेत नियमित वजनं उचलणाऱ्यांनाही दीड-पावणेदोन ग्रॅमच्या पुढे फारसा वाढीव फायदा मिळत नाही. तुमची दोन मापं म्हणजेच ५० ग्रॅम. दुपार-रात्रीच्या जेवणात डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, दही यांपैकी काहीतरी ठळक असेल तर उरलेले तीस ग्रॅम सहज भरतात, आणि न्याहारीचं माप अर्धं केल्यानेही काही उणं पडणार नाही. मूत्रपिंडं निरोगी असतील तर एवढ्याने त्यांना इजा होत नाही. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर प्रोटीनचं प्रमाण डॉक्टर ठरवतात. डायलिसिसच्या आधी ते कमी ठेवावं लागतं आणि डायलिसिस सुरू झाल्यावर वाढवावं लागतं, त्यामुळे तिथे शेजाऱ्याचा सल्ला चालत नाही.

शुद्धतेबद्दल दोन शब्द. वनस्पती जमिनीतून शिसं आणि कॅडमियम शोषतात, आणि कोकोमध्येही ते उतरतं. त्यामुळे तपासण्यांत वनस्पतीजन्य आणि चॉकलेटच्या चवीच्या पावडरींमध्ये हे प्रमाण जास्त आढळतं. म्हणून एकच चव वर्षभर न घेता बदलत राहा, आणि बॅचनुसार तपासणीचा अहवाल देणारी कंपनी निवडा. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूने 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' असा, बंदी असलेल्या द्रव्यांसाठी तपासल्याचा, शिक्का नसलेला डबा उघडूच नये. ढवळलेला शेक गरमीत बाटलीत घेऊन फिरू नका, बाहेर राहिला तर दोन तासांत संपवा. रात्री करून ठेवायचा तर फ्रीजमध्ये.

आता आईंचं. ७२ व्या वर्षी जेवण कमी होणं हे वयाचं समजून सोडून देऊ नका. वजनाच्या आधीच्या नोंदी असतील तर काढा. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं असेल, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीचं तीन किलोंहून जास्त, तर शेकच्या आधी डॉक्टर. दात किंवा कवळी, नवं औषध, बद्धकोष्ठता, उदासी, थायरॉइड, गिळायला त्रास, असं काहीही मुळाशी असू शकतं. पातळ पदार्थ पिताना ठसका लागत असेल तर कोणतंही पेय देण्याआधी गिळण्याची तपासणी करून घ्या, कारण ते फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो.

कारण शोधणं चालू असताना खाण्यापिण्याचं बघायचं तर त्यांचा हिशेब तुमच्या उलट आहे. तुम्हाला कमी कॅलरीत पोट भरायचंय, त्यांना कमी घोटांत जास्त कॅलरी हव्यात. पाण्यातली प्रोटीन पावडर त्यांची उरलीसुरली भूकही मारेल आणि देईल १२० कॅलरी. त्यांच्यासाठी रुग्णांकरता बनवलेली दाट पेयं असतात, दर मिलिलिटरला दीड कॅलरी किंवा त्याहून जास्त. म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये ३०० कॅलरी, प्रोटीन कमी-जास्त १२ ते २० ग्रॅम. कुपोषित किंवा त्या वाटेवर असलेल्या वृद्धांसाठी युरोपातल्या क्लिनिकल न्यूट्रिशनच्या संस्थेची, एस्पेनची, शिफारस अशी की या पेयांतून दिवसाला किमान ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रोटीन मिळावं आणि ती निदान महिनाभर द्यावीत. तशी पेयं मिळत नसतील तर घट्ट दुधात दोन मोठे चमचे दूध पावडर, दाण्यांचा बारीक कूट आणि फळ घालून घरी करता येतं. मधुमेह असेल तर त्यासाठीचं वेगळं पेय डॉक्टरांना विचारून घ्या, आणि सुरू करण्याआधी एकदा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या.

द्यायची पद्धतही महत्त्वाची. त्यांच्या बाबतीत पेय जेवणाऐवजी कधीच नको, दोन जेवणांच्या मधे द्या. जेवणाच्या दीड-दोन तास आधी संपलेलं असू दे. भरलेला ग्लास समोर ठेवला की वृद्ध माणसं बघूनच नको म्हणतात. पन्नास-साठ मिलिलिटरची छोटी वाटी, गार करून, दिवसातून पाच-सहा वेळा दिली की तेच पेय बिनतक्रार संपतं. रुग्णालयातल्या परिचारिका ते औषधाच्या वेळेला जोडून देतात, ती युक्ती घरीही चालते. फक्त औषध कोणतं ते आधी पाहा. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा चालू असेल तर प्रोटीन त्याच्या शोषणाच्या आड येतं, काही अँटिबायोटिक आणि लोहाच्या गोळ्यांना कॅल्शियम अडवतं. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि अशा कॅल्शियमयुक्त पेयात चार तासांचं अंतर हवं. सकाळी साडेसहाला उपाशीपोटी गोळी घेत असतील तर पहिली वाटी साडेदहानंतर द्या.